आवड उसनी, मत उसने

(एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला)

आपल्या श्रीरामपूरला पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याची एक फजिती ठरलेली असते. दौंड-मनमाड मार्गाने येताना तो खिडकीशी बसून 'श्रीरामपूर' ही पाटी शोधत राहतो, आणि समोर येते ती 'बेलापूर'. शेजारच्या जुन्या बेलापूर गावाचे नाव स्टेशनला मिळाले, स्टेशनच्या आसऱ्याने बाजारपेठ वाढली, त्या बाजारपेठेचे श्रीरामपूर झाले. पाटी मात्र जिथल्या तिथे राहिली. पाहुणा गडबडतो आणि आपण हसतो. पण या कॉलेजात तीन वर्षे काढल्यावर मला वाटू लागले आहे, की पाटी एक आणि गाव दुसरे हा प्रकार काही एकट्या स्टेशनचा नाही. माझ्या स्वतःच्या आवडीनिवडींचेही बरेच दिवस तसेच चालले होते. त्याचीच ही कबुली. वाचणाऱ्यांपैकी कोणाला ती स्वतःची वाटली, तर मला एकट्याला लाज वाटणार नाही, एवढाच स्वार्थ!

प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सरांनी वर्गात प्रत्येकाला नाव, गाव आणि आवडते पुस्तक विचारले. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाने 'मृत्युंजय' सांगितले, शेजारच्याने 'श्यामची आई'. माझी पाळी आली. मी उठून म्हणालो, "भालचंद्र नेमाडे यांची कोसला." सरांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. मला आणखी चेव आला. नेमाडे काही काळ आपल्याच जिल्ह्याच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, प्राध्यापक होते, हे वाक्य कुठेतरी वाचलेले होते. तेही ठोकून दिले. खाली बसलो तेव्हा वर्गात माझी एक प्रतिमा तयार झालेली होती.

वस्तुस्थिती अशी, की १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीची मी तोवर फार तर चाळीस पाने वाचली होती. आणि त्याच वेळी माझ्या पिशवीत, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली, सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' होती. ती मी तिसऱ्यांदा वाचत होतो. तिच्यातले मित्र मला माझे मित्र वाटत, तिचा शेवट जवळ आला की मी मुद्दाम हळूहळू वाचत असे. पण ती आवडते असे म्हणायची माझी छाती झाली नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला कॉलेजात शिरताना पहिली भीती कसली वाटत असेल, तर आपण 'सामान्य' ठरू याची. मग तो आपली आवड कव्हर घालून पिशवीत ठेवतो आणि दुसऱ्या कोणाची तरी आवड अंगावर घालून वर्गात येतो. लग्नात शेजाऱ्याचा कोट घालून जावे तसे. कोट भारी असतो. फक्त हात वर करण्याची पंचाईत होते.

हे आवडीपुरतेच असते तरी चालले असते. पुढच्याच वर्षी मी मतही उसने घेतले, आणि त्यावर बक्षीस मिळवले.

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'लोककलांचे भवितव्य'. मी तमाशावर बोललो. 'एकेकाळची लोकशिक्षणाची ही गंगा आज बीभत्सतेच्या गटारात विलीन झाली आहे' अशा थाटाची वाक्ये ग्रंथालयातल्या दोन जुन्या पुस्तकांतून उचलली होती. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, शेवटी क्षणभर थांबून परीक्षकांकडे पाहिले. दुसरा क्रमांक आला. चषक घेऊन मी रात्री घरी गेलो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका फळझाडांच्या रोपवाटिकेत कामाला आहेत. मोसंबी-लिंबाची कलमे बांधणे हा त्यांचा धंदा. हंगामात गावोगावच्या जत्रेत तमाशा पाहणे हा त्यांचा एकमेव शौक. त्यांनी चषक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि काय बोललास ते म्हणून दाखव म्हणाले. मला नाही म्हणता येईना. मी तेच भाषण, आवाज जरा खाली घेऊन, म्हणून दाखवले. अण्णा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "बोलला चांगलं रे. पन तू पाह्यलाय का कधी तमाशा?"

मी पाहिला नव्हता. लहानपणी जत्रेत कनातीबाहेरून ढोलकी ऐकली होती, पण आई आत जाऊ देत नसे. तमाशाविषयीचे माझे सगळे ज्ञान व्ही. शांताराम यांच्या १९७२ सालच्या 'पिंजरा' चित्रपटावर आणि त्या दोन पुस्तकांवर उभे होते. अण्णा रागावले असते तर बरे झाले असते. मला भांडता आले असते. त्यांनी चषक देवळीत ठेवला, नीट पुसून ठेवला, आणि ते झोपायला गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. पण तो प्रश्न काही गेला नाही.

त्या वर्षीच्या चैत्रात अण्णांबरोबर मी शेजारच्या गावी जत्रेला गेलो आणि पहिल्यांदा पूर्ण तमाशा पाहिला. गण झाला, गौळण झाली. गौळणीतल्या मावशीच्या सोंगाने आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाने मी अगदी पोट धरून हसलो. कांद्याच्या भावावर त्याने जो टोला मारला, तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या अग्रलेखापेक्षा अधिक नेमका होता. मग सिनेमाची गाणी सुरू झाली. एकामागून एक, कर्कश, सारखीच. ती मला मुळीच आवडली नाहीत. वग सुरू व्हायला फार उशीर झाला. तोवर अर्धे लोक उठून गेले होते. उरलेल्यांसाठी मंडळींनी तो मनापासून केला. त्यात एका म्हाताऱ्या नटाने बापाचे काम केले. ते काम मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही स्नेहसंमेलनातल्या नाटकापेक्षा सरस होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री दिसली. मी भाषणात ज्या बीभत्सतेवर तुटून पडलो होतो, ती होती. पण ती रंगमंचावर जेवढी होती, त्याहून अधिक कनातीच्या या बाजूला होती. शिट्ट्या मारणारी, नाचणाऱ्या बाईला नको ते शब्द फेकणारी मुले माझ्याच वयाची होती. त्यांतली दोन आपल्याच कॉलेजातली. पहाटे त्याच बाया ट्रकमध्ये सामान चढवताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, दुसरी जत्रा. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी तिथे येऊन तमाशाची सुपारी देतात, हे अण्णांनी मला परतीच्या वाटेवर सांगितले. त्याच नारायणगावच्या विठाबाईंच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते, हे मला नंतर कळले. माझ्या भाषणात यातले काहीच नव्हते. असते तर कदाचित भाषण इतके सोपे झाले नसते.

आता तमाशाविषयी माझे मत काय? विचाराल तर मला दोन-तीन वाक्यांत सांगता येत नाही. सोंगाड्या आवडला, वग आवडला, गाणी आवडली नाहीत, प्रेक्षकांची लाज वाटली. आणि त्या प्रेक्षकांत मीही बसलो होतो. हे मत टाळ्या मिळवणारे नाही. पण ते माझे आहे. कारण त्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे मी पाहिलेले काहीतरी आहे.

मित्रहो, आपल्याला मते मांडता येत नाहीत असे नाही. सायंकाळी मेनरोडवरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर थांबा आणि क्रिकेटवरची चर्चा ऐका. झहीर खान १९७८ साली याच श्रीरामपुरात जन्मला. २०११च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीबरोबर तो सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ते नुसते पाठ नाही. कोणता चेंडू आत आला, कोणता बाहेर गेला, फलंदाज कुठे फसला, हे टपरीवरचा माणूस हातवारे करून सांगतो. दुसरा त्याला अडवतो, 'तसे नाही, परत पाहा' म्हणतो, आणि मोबाइलवर तो चेंडू काढून पुन्हा पाहिला जातो. पुष्कळदा पहिला माणूस आपले म्हणणे मागे घेतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. अमक्या समीक्षकाने असे म्हटले आहे, असे तिथे कोणी म्हणत नाही. पुरावा समोर असतो, पाहिलेला असतो, आणि मत त्या पुराव्याला बांधलेले असते. मला तर वाटते, आपल्या वर्गात कवितेवर होणाऱ्या चर्चेपेक्षा टपरीवरची क्रिकेटची समीक्षा अधिक शास्त्रशुद्ध असते. गुरुजनांनी राग मानू नये!

मग वर्गात आल्यावर आपले काय होते? याला थोडीशी आपली परीक्षापद्धतीही कारण आहे. प्रश्न कसे असतात ते आठवा. 'अमुक कवी युगप्रवर्तक आहेत, साधार स्पष्ट करा.' 'तमुक कादंबरीतील वास्तवदर्शन विशद करा.' निर्णय आधीच लागलेला असतो. आपण फक्त साक्षीदार गोळा करायचे. एखादा म्हणेल की मला ते युगप्रवर्तक वाटत नाहीत, तर त्या उत्तराला जागा कुठे आहे? असे उत्तर कोणी लिहिल्याचे मी ऐकले नाही. लिहिले असते तर परीक्षकांनी त्याला गुण दिलेच नसते असेही मी म्हणत नाही. पण प्रयोग करून पाहण्याची हिंमत आमच्यात नाही. मार्गदर्शकातली उत्तरे पाठ करून आम्ही भरभरून रसग्रहण करतो. ज्या कवितेचा रस कधी जिभेला लागला नाही, तिचे रसग्रहण!

मर्ढेकरांचेच पाहा. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली निघाला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज ते आपल्या अभ्यासक्रमात आहेत, प्रश्न क्रमांक दोन, गुण दहा. पूर्वी मला त्या खटला भरणाऱ्यांचे हसू येई. हल्ली येत नाही. चुकीचे का असेना, त्यांनी ते पुस्तक उघडले होते; त्यातल्या ओळी त्यांना कुठेतरी टोचल्या होत्या. आम्ही त्याच ओळी पाठ करतो आणि आम्हाला काहीही होत नाही. कवितेचा अपमान नेमका कोणी केला, यावर एकदा वादविवाद स्पर्धा ठेवावी असे मला वाटते.

इथे कोणी म्हणेल, की मग सोपे आहे. ज्याची त्याची आवड. मला जे आवडते ते मी सांगेन, पुस्तकांचे आणि प्राध्यापकांचे ऐकायचे कशाला? हे मलाही काही दिवस पटले होते. तमाशा पाहून आल्यावर मी असाच उलटा झालो. गावाकडचे ते सगळे खरे, पुस्तकातले ते सगळे खोटे, असे वर्गात सांगत सुटलो. जुना गावगाडा कसा एकोप्याचा होता, बारा बलुतेदार कसे गोडीगुलाबीने राहत, यावर मी भित्तिपत्रकात एक निबंधही चिकटवला. आजोबांकडून ऐकलेले होते. म्हणजे घरचे होते. घरचे म्हणजे खरे, असा माझा समज.

तो निबंध वाचून आमच्या एका सरांनी काही टीका केली नाही. ग्रंथालयातून दया पवारांचे 'बलुतं' काढून हातात दिले, एवढेच. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. आपल्या प्रवरेच्याच वरच्या अंगाचे. पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते मी दोन दिवसांत वाचून काढले. ज्या गावगाड्याला मी गोडीगुलाबी म्हणत होतो, तो ज्यांच्या पाठीवरून जात होता त्यांनी सांगितलेली ती हकिकत होती. त्यानंतर आपल्याच तालुक्यातल्या हरेगावला १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत वतनदार महार-मांगांची परिषद झाली होती, हे समजले. हरेगाव माझ्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. तिथली मतमाउलीची यात्रा मला ठाऊक होती, साखर कारखाना ठाऊक होता; ही परिषद ठाऊक नव्हती. आजोबा खोटे बोलले नव्हते. त्यांना जेवढे दिसले तेवढे त्यांनी सांगितले. पण ते गावाच्या कोणत्या बाजूला उभे राहून पाहत होते, हे विचारायचे मला सुचले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकातला निबंध काढून घेतला. वर्गमित्र हसले. अण्णांनी तमाशाच्या बाबतीत मला जो प्रश्न विचारला होता, तोच या वेळी एका पुस्तकाने विचारला होता, 'तू पाहिलंस का?'

तेव्हा उसनी आवड जशी खोटी, तशी आंधळी आवडही अपुरीच. घराने पुस्तकाला प्रश्न विचारावा आणि पुस्तकाने घराला. याला मी शिक्षण म्हणतो.

अण्णांच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगतो. मोसंबीचे बी पेरले तरी झाड येते, पण त्याला फळ लागायला फार वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून आधी जंबेरीचे रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढे जाड झाले, की सालीवर छोटा काप घेऊन त्यात चांगल्या मोसंबीचा डोळा बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला, की वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात. जंबेरीचे फळ आंबट, कोणी खात नाही; पण मुळी काटक. जमिनीत पाय रोवून सगळे झाड तीच जगवते. मी अण्णांना विचारले, "डोळा जगला हे कसे ओळखायचे?" ते म्हणाले, "बांधला म्हंजी जगला असं नसतं. थोडे दिवस थांबायचं, पट्टी सोडून पाह्यचं. हिरवा असला तर धरला. काळा पडला तर पुन्हा भरायचा."

मला माझी प्रथम वर्षातली 'कोसला' आठवली. तो डोळा मी नुसता वरून बांधला होता. पट्टी सोडून पाहिलेच नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुटीत पाहिले. सबंध कादंबरी वाचली. काही भागांना खूप हसलो. मधली कित्येक पाने मला कंटाळवाणी वाटली. आजही वाटतात, आणि हे मी आपल्या सर्व प्राध्यापकांच्या देखत लिहीत आहे. पण पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, ते प्रकरण वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आईने दोनदा जेवायला हाक मारली. त्या प्रकरणाविषयी समीक्षेचे एकही वाक्य आज माझ्याजवळ नाही. तरी ते मला आवडले आहे, हे मी शपथेवर सांगेन. आणि 'दुनियादारी'? तीही आवडते. फक्त आता कळते, की ती आवडते कारण ती मला जसा व्हायचे आहे तसा दाखवते. आणि 'कोसला' मी जसा आहे तसा. दोन्हींची कव्हरे मी काढून टाकली आहेत.

आपल्या जिल्ह्यातलेच एक थोर उदाहरण मला नेहमी बळ देते. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा नवऱ्यामागोमाग जाणे त्या काळच्या बाईला सोपे नव्हते, आणि त्याला सोडून राहणेही सोपे नव्हते. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे मत उसने घेतले नाही. सोवळेओवळे, जातपात यांविषयीच्या आपल्या कल्पना त्यांनी एकेक करून, अनुभव घेत, स्वतः तपासल्या. काही सोडायला त्यांना फार त्रास झाला. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी आपल्या मनाने निर्णय घेतला. त्यांनी कोणता निर्णय घेतला यापेक्षा तो कसा घेतला, हे मला महत्त्वाचे वाटते. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात ही बाई स्वतःच्या चुकांवर स्वतःच हसते. ज्याचे मत स्वतःचे असते, त्यालाच आपल्या जुन्या मतावर हसता येते. उसन्या मतावर हसता येत नाही, कारण ते दुसऱ्याचे असते आणि परत करायचे असते.

आमच्या पिढीपुढे तर उसनवारीची सोय घरपोच झाली आहे. पूर्वी आवड उसनी घ्यायला निदान ग्रंथालयात जावे लागे. आता खिशातला मोबाइल आपणहून विचारतो, हे आवडले का? आणि उत्तराची वाट न पाहता तसलेच आणखी पन्नास तुकडे पुढे सरकवतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्या संध्याकाळी आमच्या वर्गातल्या यच्चयावत मुलामुलींच्या मोबाइलवर 'गर्व आहे' अशी वाक्ये झळकली. माझ्याही. दोन दिवसांनी ग्रंथालयात गेलो आणि सहज माझे कार्ड पाहिले. त्या सबंध महिन्यात, आणि त्याच्या आधीच्याही महिन्यात, त्यावर एका मराठी पुस्तकाची नोंद नव्हती. इथून जवळच नेवाशाला १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ आपल्या लोकांच्या भाषेत सांगितला. आणि मी, मराठी विषय घेऊन शिकणारा, दोन महिने एक पुस्तक न उघडता त्या भाषेचा अभिमान बाळगून होतो. असो.

यंदा पुन्हा वक्तृत्व स्पर्धा झाली. मी पुन्हा तमाशावरच बोललो. या वेळी जे पाहिले ते सांगितले. सोंगाड्या, गाणी, म्हातारा नट, शिट्ट्या, आणि समोर बसलेला मी. टेबलावर हात आपटायला कुठे जागाच सापडली नाही. क्रमांक आला नाही. 'विषय चांगला, परंतु ठाम भूमिकेचा अभाव' असा शेरा मिळाला. परीक्षकांची चूक आहे असे मला वाटत नाही. सात मिनिटांत ठाम व्हायचे म्हणजे काहीतरी गाळावे लागते, आणि मला काही गाळता आले नाही. घरी अण्णांनी विचारले तेव्हा नंबर नाही आला म्हणून सांगितले, आणि भाषणही म्हणून दाखवले. ते ऐकून म्हणाले, "त्या म्हाताऱ्या नटाचं बरं ध्यानात ठेवलं." मला एवढे पुरे झाले.

शेवटी एक सूचना करतो आणि थांबतो. गुरुजनांना विनंती, की अंतर्गत परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा: 'या सत्रात तुम्ही वाचलेल्यांपैकी न आवडलेले एक पुस्तक कोणते, आणि का?' अट एकच, पुस्तक पूर्ण वाचलेले असावे आणि कारण पुस्तकातूनच दाखवावे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही. तपासायला वेळ लागेल, हे खरे. पण त्या उत्तरांत आपले विद्यार्थी कोण आहेत, हे गुरुजनांना पहिल्यांदाच कळेल.

आणि मित्रांनो, तुम्हाला विनंती, की पुढच्या वेळी मी एखाद्या पुस्तकाचे, नाटकाचे किंवा माणसाचे नाव घेऊन आवाज चढवू लागलो, तर मला मध्येच थांबवून अण्णांचा प्रश्न विचारा. तुम्ही चढवू लागलात, तर मी विचारीन.